साहेबांची सरकपट्टी

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी माझा कॅल्क्युलेटर खिडकीतून खाली टाकला.

हातातून सुटला, धक्का लागला, असलं काही नाही. मी एका लोखंडी तुळईचं वजन काढत बसले होते. ते मागून आले, कॅल्क्युलेटर माझ्या बोटांतून काढून घेतला, खिडकीशी गेले आणि केळ्याचं साल टाकावं तसा टाकून दिला. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली वर्कशॉपचं आवार आणि त्यात लेथवरून निघालेल्या लोखंडी किसाचा ढीग. डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेला माझा कॅल्क्युलेटर त्या ढिगात जाऊन पडला. ऑफिसातल्या बाकीच्यांनी तर माना वरसुद्धा केल्या नाहीत.

"जा, उचलून आण," साहेब म्हणाले. "चालतो का बघ."

चालत नव्हता. काच तडकली होती आणि कुठलंही बटण दाबलं तरी नुसती एक आडवी रेघ उमटत होती. मी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या कमरेला कायम एक कातडी म्यान लटकवलेलं असे, त्यातून त्यांनी आपली पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "आता ही टाक."

मला राग पटकन येतो, तेव्हा तर फारच पटकन यायचा. मी टाकली.

आता मात्र सगळ्या माना वर झाल्या. खालून एक वेल्डर "अरे, साहेबनी पट्टी!" असा ओरडत ती घेऊन धावत वर आला. साहेबांनी ती धोतराने पुसावी तशी शर्टाच्या टोकाने पुसली, मधली फळी मागेपुढे सरकवली, "चालते" म्हणाले आणि इतके खूश झाले की स्वतःचा चहा त्यांनी मला दिला. पुढच्या महिन्यात माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक नवा कॅल्क्युलेटर आला. कुणी ठेवला ते कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

ही गोष्ट सुरतेची, नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. उधन्याला आमचं वर्कशॉप होतं. हजीऱ्याच्या कारखान्यांना आणि पांडेसऱ्याच्या डाइंग मिलना लागणारे लोखंडी माळे, जिने, टाक्यांचे सांगाडे आम्ही बनवायचो. मालक गुजराती, त्यांना सगळे शेठ म्हणत. हिशेब आणि ड्रॉइंगं तपासून सही करायचं काम साहेबांचं. साहेब जळगावकडचे, शिकलेले पुण्याला, साठीला आलेले आणि एकटे. त्यांची सही असलेलं ड्रॉइंग दिसलं की पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, पुढचा प्रश्न विचारत नसे. आमचं घरही खानदेशातून आलेलं, वडील आणि मोठा भाऊ दोघेही मिलमध्ये. त्यामुळे साहेब रागाच्या भरात अहिराणीवर आले की ऑफिसात ते फक्त मला समजायचं, आणि म्हणून त्यांच्या शिव्या खास माझ्या वाट्याला येत.

त्या पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता ती पाहिलेले लोकही फारसे उरले नाहीत. इंग्रजीत स्लाइड रूल. तिच्या नावात रूल आहे म्हणून कुणी तिला फूटपट्टी समजला तर साहेब त्याच्या अंगावर धावून जात. "तिने काही मोजता येत नाही आणि तिने कुणी रेघ मारली तर मी त्याचा हात मोडीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जपानी बांबूची, वर पांढरा मुलामा, त्यावर बारीक काळे आकडे. सुरुवातीला ऐसपैस बसलेले आणि पुढे पुढे दाटीवाटी करणारे. मधली फळी सरकवायची, वरची काचेची खिडकी ओढून तिच्यावरची केसासारखी रेघ आकड्यावर आणायची, की गुणाकार तयार. फक्त उत्तर अडीच आहे, पंचवीस आहे की अडीचशे, ते पट्टी सांगत नाही. ते आपल्या डोक्यात आधीच असावं लागतं. म्हणून साहेब प्रत्येकाकडून आधी तोंडी अंदाज वदवून घेत. अंदाज न देता कॅल्क्युलेटरचं बटण दाबणारा माणूस त्यांच्या लेखी चोर होता.

तिला मराठी नाव द्यायचा त्यांनी ध्यास घेतला होता. एकदा गुणपट्टी म्हणाले. मग भागाकारावर अन्याय होतो म्हणून ते रद्द केलं. गणकपट्टी म्हणून पाहिलं, तर ते पंचांगवाल्यासारखं वाटतं म्हणाले. मग एका सकाळी येऊन त्यांनी जाहीर केलं, "सरकी. ती सरकते, म्हणून सरकी." मी म्हटलं, "साहेब, सरकी आपल्याकडे म्हशींना घालतात." ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. खाली वर्कशॉपमधल्या पोरांनी तिला कधीच सरकपट्टी करून टाकलं होतं, आणि शेवटी तेच राहिलं.

सुरतेच्या दमट हवेत बांबू फुगे आणि मधली फळी अडकून बसे. मग साहेब ती फळी पूर्ण बाहेर काढून तिला अंगाला लावायची पावडर चोळत. त्यामुळे त्यांच्या टेबलाला बाळंतिणीच्या खोलीचा वास येई. नवीन आलेला माणूस वास घेऊन इकडे तिकडे पाहायचा आणि आम्ही तोंड दाबून हसायचो.

ड्रॉइंग तपासायची त्यांची पद्धत तर त्याहून विचित्र. इंटरव्ह्यूच्या दिवशीच मी ती पाहिली होती. माझे मार्क त्यांनी विचारलेच नाहीत. एक ड्रॉइंग पुढे पसरलं, खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाच." मी विचारलं, काय वाचू? "काय दिसतं ते. डाव्या कोपऱ्यापासून." मी वाचत गेले, कुठे कुठला खांब, कुठला अँगल, किती बोल्ट. मध्येच ते म्हणत, "थांब. हा अँगल कशाला टेकलाय? हवेत सोडलास का?" पाहिलं तर खरोखरच जोड दाखवायचा राहून गेलेला असे. मी थक्क व्हायचे. डोळे मिटून माणूस अख्खा सांगाडा उभा करतो! "डोळा फसवतो, पोरी," ते म्हणत. "कान फसवत नाही." नोकरीला लागल्यापासून रोज हेच माझं काम झालं. मी वाचायची, ते ऐकायचे, पट्टी सरकवायचे, आकडा सांगायचे, आणि शेवटी मी बोट ठेवीन तिथे सही करायचे.

त्यांच्या असल्या वागण्याने माणसं किती हादरत याचा कळस झाला तो लिंबायतच्या लग्नात. आमच्या एका फिटरच्या मुलीचं लग्न होतं. नव्या घराच्या गच्चीवर पंगत बसलेली, पानात वरण-बट्टी, वांग्याची भाजी. गच्चीच्या एका बाजूला पाण्याच्या दोन मोठ्या काळ्या टाक्या, दुसऱ्या बाजूला बँडवाले. साहेबांनी बट्टीचा पहिला घास मोडला, बाजूच्या माणसाला काहीतरी विचारलं, कमरेची पट्टी काढली, सरकवली आणि ताडकन उभे राहिले. "उठा! सगळे उठा! ताटं घ्या आणि खाली चला! हा स्लॅब एवढं वजन घेणार नाही!"

बायका पोरांना ओढत जिन्याकडे धावल्या. कुणाचं तूप सांडलं, कुणाची चप्पल राहिली. नवरदेवाचे मामा कायमचे रुसले. पंगत शेवटी गल्लीत, गटाराच्या कडेला बसली. फिटर बिचारा साहेबांसमोर हात जोडून उभा. "साहेब, आमना लगीनमा हाई काय करं तुम्ही?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनी शांतपणे वरण भुरकलं आणि म्हणाले, "जिवंत राहिलास ना? मग जेव."

तो स्लॅब पडला नाही. पुढेही कधी पडला नाही. हे मी साहेबांना एकदा ऐकवलं तर म्हणाले, "पडला नाही म्हणजे मी चुकलो, असं तुला कोणत्या मास्तरने शिकवलं?" मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की वाटायला लागली, की हा माणूस ज्याच्यावर सही करतो त्याच्याखाली डोळे मिटून झोपावं.

आणि झोपायची वेळ माझ्याच घरावर आली. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलने आमच्याकडून मोठा लोखंडी माळा बनवून घ्यायचं ठरवलं. माळ्यावर कापड रंगवायची जेट मशीनं बसणार होती. रिकामं मशीन वेगळं आणि उकळत्या पाण्याने, ओल्या कापडाने भरलेलं वेगळं. आणि माळ्याखाली फोल्डिंग खातं, म्हणजे घड्या घालणारे कामगार दिवसभर तिथेच बसणार. त्यांच्यात माझा दादा होता. "तुना साहेबनीच सही शे ना? मंग मी बिनघोर," तो घरी म्हणाला. मी मान डोलावली.

माळा उभा राहिला, मशीनं चढली. दोन-चार दिवसांत काम सुरू होणार होतं. मिलवाल्यांना एका बाजूला आणखी एक टाकी ठेवायची होती, म्हणून आम्ही पुन्हा हिशेब काढायला बसलो. मी आकडे सांगितले. साहेबांनी पट्टी सरकवली, काचेची खिडकी ओढली, जरा वाकून पाहिलं आणि उत्तर सांगितलं. मी लिहून घेतलं. लिहिताना माझी नजर सहज पट्टीवर गेली.

एव्हाना साहेबांनी मला ती वाचायला शिकवली होती. ऑफिसात ती वाचता येणारी त्यांच्यानंतर मी एकटीच. मधली फळी उलटी बसली होती. तिची मागची बाजू वर आली होती. त्या बाजूला गुणाकाराचे आकडेच नसतात, कोनांचे असतात. त्या पट्टीवरून ते उत्तर येणं शक्यच नव्हतं. आणि उत्तर तर बरोबर होतं, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं.

आधी वाटलं, ही त्यांची नवी काहीतरी युक्ती असेल. मी पुढचा आकडा सांगितला. त्यांनी तीच उलटी फळी सरकवली, तितक्याच बारकाईने वाकून पाहिलं, आणि पुन्हा बरोबर उत्तर सांगितलं.

"साहेब," मी म्हटलं, "फळी उलटी बसलीय."

ते थांबले. त्यांनी अंगठा फळीवरून हळूच फिरवला, जणू आकडे हाताला लागणार होते. "केव्हापासून?"

"मला आत्ता दिसलं. पावडर तुम्ही सोमवारी लावलीत."

"आणि उत्तरं?"

"बरोबर."

"मग?" ते म्हणाले. पण आवाजात नेहमीची ऐट नव्हती.

मी विचारलं, "साहेब, तुम्हाला दिसतं किती?"

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "भिंतीतली खिडकी दिसते. तू बसलीयस ते दिसतं. तुझं तोंड दिसत नाही. जिथे बघायला जावं तिथेच नेमका डाग येतो. डॉक्टर म्हणाला, कडेचं राहील, मधलं जाईल. ते गेलं. तू यायच्या आधीच गेलं होतं."

मला काय काय आठवत होतं ते सांगत नाही, ज्याने इथवर वाचलंय त्याला तेच आठवत असणार. साहेबांनी सगळं डोक्यात ठेवलं होतं, लोखंडाच्या एकूण एक आकाराचं वजन, ताकद, सगळं. गुणाकार तोंडी करायचे. पट्टी फक्त हातात धरायला. मी शिकेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती, हाच तिचा उपयोग होता. कॅल्क्युलेटरवरचा आकडा शेजारचाही वाचतो.

मला दया यायला हवी होती, असं आता वाटतं. तेव्हा आली नाही. मला दादा दिसत होता, त्या माळ्याखाली मांडी घालून बसलेला. "मी शेठला सांगणार," मी म्हणाले.

"सांग," साहेब म्हणाले. "मी अडवत नाही."

मी तशीच उठून शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ फोनवर होते. त्यांनी मला बसायची खूण केली, फोन ठेवला, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांना दिसत नाही. न बघता सह्या होतात. शेठनी कपातला चहा संपवला.

"मने खबर छे, बेन," ते म्हणाले. "बे वरसथी खबर छे." दोन वर्षांपासून त्यांना माहीत होतं.

मग तपासतं कोण, मी विचारलं, "तो पछी तपासे छे कोण?"

"तमे. बीजुं कोण?" शेठना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तमे वांचो छो, ए सांभळे छे. एक नहीं तो बीजो पकडशे." तुम्ही वाचता, ते ऐकतात, एकाच्या नाही तर दुसऱ्याच्या लक्षात येईल. इतका सरळ हिशेब. पार्टीला साहेबांची सही लागते, ती मिळते. काम मी करतेच आहे. आणि मग दाराशी मला थांबवून, खरोखर मायेने म्हणाले, "एमने ना कहेता. एमने दुःख थशे." त्यांना सांगू नका, वाईट वाटेल.

मी जिन्यात कठडा धरून उभी राहिले. नुकता डिप्लोमा झालेली मी, मला वाटत होतं साहेब तपासतात. शेठला वाटत होतं मी तपासते. साहेबांना वाटत होतं, कानाने का होईना, आपण तपासतो. आणि खाली आमचे वेल्डर ठिणग्या उडवत एकावर एक सांगाडे जोडत होते. या दोन वर्षांत आम्ही किती गच्च्यांवर टाक्या चढवल्या, किती माळे उभे केले, ते मला मोजायचंही धाडस झालं नाही.

शेठनी नको म्हटलेलं मी पाचव्या मिनिटाला साहेबांना सांगितलं. रागाच्या भरातच सांगितलं. "शेठला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून."

मला वाटलं होतं, ते सुटकेचा श्वास टाकतील. पण ते खुर्चीत ताठ झाले. "माहीत आहे?" ते म्हणाले. "म्हणजे मी तपासतोय, असं कुणी धरलंच नव्हतं?"

ते उठले. टेबलाच्या कडेने हात फिरवत दाराशी गेले आणि वळून म्हणाले, "चल. मिलमध्ये जाऊ."

आम्ही रिक्षाने गेलो. मिलच्या मॅनेजरसमोर जाऊन त्यांनी हिंदीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मुझे दिखता नहीं. दो साल से नहीं दिखता. ये माला मैंने आँख से नहीं देखा. इस पर पानी भरो, पूरा, सब मशीन में. आज नीचे कोई नहीं बैठेगा." मॅनेजर आधी हसला, मग त्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला. शेठला फोन गेला. शेठ तिकडून ओरडत होते ते रिसीव्हरबाहेर ऐकू येत होतं, आणि साहेब रिसीव्हर कानापासून लांब धरून उभे होते. पण एवढं ऐकल्यावर माळ्याखाली माणसं बसवायची कुणाची छाती होती? फोल्डिंगवाले सगळे बाहेर आले. दादा माझा चेहरा बघून म्हणाला, "तुले काय व्हयनं?" मी त्याचा दंड धरून त्याला फाटकापर्यंत नेऊन सोडलं.

वर पाणी सोडलं. पाइपांतून घोंघाट सुरू झाला. मी मागे वळले तर साहेब दिसेनात. शोधलं, तर ते माळ्याखाली, बरोबर मधोमध, फोल्डिंगवाल्यांची एक खुर्ची घेऊन बसलेले. मॅनेजर लांबून हाका मारत होता, "साब, बाहर आओ!" साहेब हलेनात. "पहिल्यांदा भरतात तेव्हा सही करणारा खाली असतो," ते एवढंच म्हणाले. "ही जुनी रीत आहे. मी आजवर कधी पाळली नव्हती."

मी हिशेब मनातल्या मनात तीनदा केला होता. तिन्ही वेळा बरोबर आला होता. तरी मी चौथ्यांदा करायला घेतला. वरची मशीनं एकेक भरत होती आणि लोखंड बारीक बारीक कुरकुरत होतं, नवीन सांगाडा पहिलं ओझं घेताना कुरकुरतोच, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते कानांनी ऐकणं वेगळं. मला पळून जावंसं वाटलं आणि साहेबांची भयंकर चीडही आली. या माणसाने आम्हाला फसवलं. आणि हाच माणूस एकटा तिथे बसला होता.

मी चालत गेले. त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर माझी पावलं त्यांनी ऐकली असणार, कारण त्यांनी मान वळवली, माझ्या दिशेने, पण माझ्याकडे नाही. या दोन वर्षांत समोर आलेल्या कुणालाही त्यांनी कधी ओळख विचारली नव्हती. आवाज येईपर्यंत थांबायचे, तोवर खाकरायचे, काहीतरी सरकवत बसायचे.

"कोण आहे?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने.

"मी आहे, साहेब," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.